मान वर करणारं पिल्लू

"ताईत देताय ना बाबा? का आजही हेलपाटाच?"

दर्ग्यामागच्या अंगणात इमामबाबा कोंबडीच्या पिल्लांना कण्या टाकत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "कुणासाठी म्हणालास?"

"थोरल्या बहिणीसाठी. आमची कौसाअक्का. बाईमाणसासारखं वागणंच नाही तिचं! बांधावरून भाऊबंदांशी भांडते, बाजारात बैलाचे दात बघते. परवा माझ्या सोयरिकीला आलेले पाहुणे तिचा आवाज ऐकून चहा न पिताच उठले. एक तर ती मऊ होऊ दे, नाहीतर मामाकडं धाडतो तिला. कायमची!"

शिवदास हे सगळं दणकून बोलला. घरात अक्कासमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

"ताईताआधी पिराच्या नावानं एक नर सोडावा लागतो," बाबा म्हणाले. "मादी चालत नाही. ह्यांतला नर काढ."

पिल्लं अर्धवट वाढलेली. ना धड तुरा, ना शेपूट.

"हात्तिच्या, एवढंच?" शिवदास हसला. "रूप बघायचंच नाही बाबा, वागणं बघायचं. दचकवलं की मादी दबून बसते, नर मान वर करून उभा राहतो. मी अजून कधी चुकलो नाही."

त्यानं डोक्यावरची टोपी पिल्लांवर भिरकावली.

सगळी पिल्लं मातीला चिकटली. एक तांबूस पिल्लू तेवढं पुढं सरलं आणि मान ताठ करून उभं राहिलं.

"हा बघा नर! शंभर टक्के!"

बाबांना मोठी मौज वाटली. "खरंच की रे. सगळ्यांच्या पुढं उभा..."

मग ते उठले. भिंतीकडेला एक डालगं उपडं घातलेलं होतं, आतून मघापासून कुरकुर चालली होती. बाबांनी ते उचललं. पिल्लांची आई पंख फुलवत बाहेर आली आणि धावत पिल्लांत जाऊन उभी राहिली.

"आता टाक टोपी."

टोपी पडली. कोंबडीनं मान ताठ केली. तांबूस पिल्लू तिच्या पोटाखाली शिरून दबून बसलं. सगळ्यांत आत.

शिवदास गुडघ्यावर बसून बघत राहिला.

"अरेच्चा! मग ही... मादी?"

"मला काय ठाऊक? आरवेल नाहीतर अंडं घालेल, तेव्हा कळेल." बाबांनी टोपी उचलून झटकली. "तुझी आई कधी गेली रे?"

"मी पाळण्यात होतो."

"आणि अक्का?"

"अक्का... परकरात होती."

त्याची नजर पुन्हा कोंबडीकडं गेली.

"बाबा, मग ताईत?"

बाबांनी टोपी त्याच्या डोक्यावर नीट बसवली.

"आधी घरासाठी तू उभा राहून बघ. मग अक्का बसते का, ते मला येऊन सांग."