गुरुजींना पोचवायला

एकदा एका कापडव्यापाऱ्याच्या गुडघ्याचा सांधा बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. ‘रोज चाला, नाहीतर गुडघा आखडेल,’ असे डॉक्टरांनी बजावले होते. पण दोन पावले टाकताच कळ मस्तकात जाई आणि शेठजी वॉकर सारून पुन्हा पलंग गाठत. गुरुजींच्या घराच्या ओट्यावर होणाऱ्या संध्याकाळच्या प्रवचनाला त्यांनी कधी खाडा केला नव्हता. आता त्या ओट्याच्या पायऱ्या आपल्या नशिबात नाहीत, असे त्यांनी ठरवूनच टाकले होते. त्या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

हे कानी पडताच वृद्ध गुरुजी काठी टेकत भेटीला आले. गप्पा झाल्या, चहा झाला. उठताना म्हणाले, “काय शेठ, पाहुण्याला दारापर्यंत पोचवायची रीत मोडली वाटतं?”

शेठजी ओशाळले. गुरुजींचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? वॉकर धरून, ओठ चावत ते दारापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पुन्हा आले. निघताना दारात त्यांनी एक गोष्ट सुरू केली आणि सांगत सांगत फाटक गाठले. मग रोज तेच. गोष्ट रंगात आली की गुरुजी चालू लागत आणि निरोप आणखी थोडा लांब जाई.

“इथं माझा जीव चाललाय आणि यांना मानपानाचं पडलंय!” शेठजी घरी येऊन चिडत.

“पण गोष्टीत पुढं काय झालं, ते सांगा ना,” गुडघ्यावर बर्फ ठेवत पत्नी म्हणे.

वॉकर सुटला, काठी आली. एका संध्याकाळी गुरुजी बोलता बोलता पायऱ्या चढले. मागोमाग कठडा धरून शेठजीही चढले. वर आल्यावर पाहतात तो गुरुजींचाच ओटा! शेठजींचे डोळे भरून आले.

“गुरुजी, हे सारं तुम्ही मुद्दाम केलंत!”

“नुसतं चाल म्हटलं असतं, तर तू गुडघ्याकडेच बघत बसला असतास. पाहुण्याला पोचवताना माणूस पाहुण्याकडे बघतो,” गुरुजी म्हणाले. “दुखलं तुला, चाललास तू. मी नुसती सोबत केली. आभार मानायचे तर सांधा बसवणाऱ्यांचे मान, आणि रोज तुझी कुरकुर ऐकून बर्फ ठेवणाऱ्या त्या माउलीचे.”

शेठजींनी वाकून नमस्कार केला. कितीतरी दिवसांनी त्यांनी प्रवचन ऐकले. निघताना पाहतात, तर गुरुजींनीही काठी उचललेली.

“तुम्ही कुठं निघालात?”

“आज पाहुणा तू आहेस. कोपऱ्यापर्यंत तरी यायला नको?”

आणि काठ्या टेकत दोघेही पुन्हा रस्त्याला लागले.