वस्तादांची ढेकळं

"मग मी परत मातीत उतरणार का न्हाई, तेवढं सांगा!"

हिंदुराव पैलवानानं तालमीच्या दारातूनच विचारलं. मानेतले मणके झिजून मज्जारज्जू दाबला गेला होता. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. चालणं जरा सावरलं, पण बोटं काही केल्या ऐकेनात.

रावसू वस्ताद रोजच्यासारखे लाल मातीच्या हौद्याकडेला बसून ढेकळं फोडत होते.

"दवाखान्यात काय म्हणाले?"

"कुस्ती विसरा म्हणं. रोज तासभर चिमटीनं हरभरे वेचा! मी... आन् हरभरे? या हातानं गदा घेतलीया मी!"

वस्ताद उठून जवळ आले.

"बटणं झ्याक लावलीत. कुणी?"

"...बायकोनं."

वस्तादांनी एकेक करून पाचही बटणं सोडली. सावकाश, फार सावकाश. मुद्दाम अपमान करतोय म्हातारा, असं हिंदुरावला वाटलं.

"लाव आता."

पैलवान हबकलाच. जोर मारणारी सगळी तालीम थांबून बघत होती.

पहिलं बटण निसटलं. परत धरलं, परत निसटलं. दरदरून घाम फुटला, डोळे भरून आले.

"का माझी शोभा करताय, वस्ताद? तुमास्नी काय कळणार ह्यातलं..."

वस्तादांनी गळ्याभोवतीचा पंचा काढला. तो उतरलेला कुणी पाहिलाच नव्हता. मग त्यांनी पाठ फिरवली.

मानेवर बोटभर लांब व्रण होता. हिंदुरावच्या मानेवर होता, अगदी तसाच. फक्त जुना.

"आरं देवा! कधी...?"

"नऊ वर्सं झाली. काशीला गेलो म्हणून सांगितलंतं न्हवं? मिरजेच्या दवाखान्यात हुतो."

हिंदुरावच्या पायाखालची जमीनच सरकली. नऊ वर्षं! म्हातारा ढेकळं कुरवाळत बसतो, म्हणून त्यानंच चारचौघांत वस्तादांची नक्कल केली होती. वस्ताद तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसले होते. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वस्ताद... मग मी मातीत..."

वस्तादांनी एक ढेकूळ त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याची बोटं त्यावर मिटवली, आणि हात सोडून दिला.

बराच वेळ काहीच झालं नाही. हिंदुराव दात-ओठ खाऊन ढेकूळ दाबत राहिला...

मग ढेकूळ फुटलं. लाल माती बोटांतून त्याच्या पायावर सांडली.

"ह्ये काय," वस्ताद म्हणाले, "उतरलास की!"