जाड वायपरला हसणारा

डोंगरातल्या गावात पहिली जीप आली, तेव्हाची ही गोष्ट. ड्रायव्हर भवानसिंगकडे दोन वायपर होते. एक सडपातळ, चकचकीत. दुसरा जाड, अंगभर रबर चढवलेला.

"हे गाठोडं काचेवर शोभेल का?" सडपातळ वायपर हसला. भवानसिंगनेही देखणा म्हणून त्यालाच लावले.

हिवाळ्यात बाळंतपणात अडलेल्या एका बाईला दवाखान्यात नेताना बर्फ पडू लागला. सडपातळ वायपरच्या सांध्यांत बर्फ गोठला आणि काच पांढरी झाली.

"वहिनी, रस्ता दिसत नाही."

"थांबू नका, भाऊ," ती कण्हली.

भवानसिंगने घाईने जाड वायपर लावला. रबरामुळे त्याच्या सांध्यांत बर्फ शिरेना. बाई वेळेत पोचली.

"मी तुला हसलो होतो," सडपातळ वायपर पुटपुटला.

जाड वायपरने विचारले, "तुझ्या सांध्यांतला बर्फ वितळला का?"

त्याने चार शब्द सुनावले असते, तर सडपातळ वायपरला निदान मान वर करता आली असती.