गोड पाणी, खारं पाणी

भाज्यांना आणि वस्तूंनाही बोलता येत होतं, त्या काळातली ही गोष्ट. एका शाळेच्या प्रयोगशाळेत बटाट्याचा एक तुकडा आणि गाजराचा एक तुकडा शेजारशेजारच्या पेल्यांत ठेवले होते. बटाट्याच्या पेल्यात साधं पाणी होतं आणि गाजराच्या पेल्यात मिठाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटाटा फुगून टणक झाला होता. गाजर मात्र लुळं पडलं होतं.

"मुळात अंगात दम असावा लागतो," बटाटा म्हणाला. "तुझ्यात तो नाहीच."

आपण असेच आहोत, असं आता गाजरालाही वाटू लागलं होतं.

प्रयोग आखणारी मृण्मयी 'गाजर कमजोर' असं लिहून त्याला फेकून देणार, तेवढ्यात तुकड्यांचं वजन करायला ठेवलेला तराजू म्हणाला, "थांब गं. भाजीही वेगळी आणि पाणीही वेगळं. मग हे कशामुळे झालं, ते कसं कळणार?"

"खरंच की! माझी आखणीच चुकली," मृण्मयी म्हणाली. तिने दोघांचे पेले बदलायला घेतले.

"मला त्या पाण्यात नको!" बटाटा ओरडला. पण त्याला जावंच लागलं. संध्याकाळपर्यंत तो मऊ पडून वाकला. गाजर मात्र हळूहळू ताठ झालं.

आता गाजर आपल्याला हसणार, म्हणून बटाट्याने तोंड फिरवलं.

"फार त्रास होतो ना रे तिथे?" गाजराने विचारलं. मग ते मृण्मयीला म्हणालं, "तुझं मोजून झालं असेल, तर त्यालाही इकडे घे. आम्ही दोघं मावू."