शेवटचे तीन थेंब

कोकणात घरोघरी घाण्याचंच तेल जायचं तेव्हाची गोष्ट. शनिवारी घाणा बंद ठेवणारे एलोजी शनवारतेली प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बुधल्यावर माप उपडं धरून शेवटचे तीन थेंब गळेपर्यंत थांबायचे. मापाला ते पटेना. बाजाराच्या दिवशी, गर्दीत एलोजींची नजर चुकवून त्याने सगळ्यांचे थेंब पोटातच धरून ठेवले.

संध्याकाळी एलोजींनी विचारलं, "अरे, हे कुणाचं तेल?"

"थेंब थेंब सगळ्यांचंच," माप फुशारकीने म्हणालं. "आता आपलं!"

"मग आता कुणाकुणाला परत करू रे बाळा?" एलोजी म्हणाले. ते उठले आणि सगळं गाव जिथे पाणी भरायचं त्या विहिरीच्या कुरकुरणाऱ्या रहाटाला त्यांनी ते सगळं तेल घातलं. म्हाताऱ्या सकूआजीची कळशी अलगद वर आली.

दुसऱ्या दिवशी तिसरा थेंब पडला, तरी माप उपडंच राहिलं, चौथ्याची वाट बघत.