जालिंदर गाडीचा वारा कमी करतो

पवनचक्क्यांच्या माळाखाली एक गाव होतं, आणि त्या गावात जालिंदर नावाचा एक भोळा गाडीवाला राहत होता. त्याच्याकडे जुनी जीप होती आणि जीपच्या मागे जोडलेली ट्रॉली. माळावर वारा असा, की जीप पुढे जायला बघायची आणि वारा तिला मागे ढकलायचा. डिझेल तर ती घागरीनं प्यायची.

जालिंदरच्या बहिणीचं, मंजुळाचं लग्न ठरलं. नवरदेव फौजेत होता. लग्नाच्याच दिवशी संध्याकाळी त्याला परत गाडी पकडायची होती. नवरदेवाला मुलीच्या भावानं आणायचं, तेही उघड्या ट्रॉलीत खुर्चीवर बसवून, रस्त्यानं सगळ्यांना दिसेल असं, ही तिकडची रीत. मुहूर्त बारा दहाचा.

आई म्हणाली, "जालिंदर, तुझ्या या गाडीपायी मुहूर्त चुकला तर पोरगी वर्षभर घरात बसेल. बशीरचाचाला विचार जा, गाडी पळेल कशी."

बशीरचाचा गावचे मिस्त्री. त्यांनी ट्रॉलीतला कडबा बघितला. पाचोळा सगळा वाऱ्यावर उडत होता.

"अरे, फडफडतं ते वारा धरतं," चाचा म्हणाले. "वरून ताडपत्री टाक, दोरी आवळ. काही फडफडता कामा नये."

"बरं चाचा. तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीत कडबा नव्हता. हळदीकुंकवाला निघालेल्या बारा बाया होत्या. माळावर आल्याबरोबर बारा पदर फडफडायला लागले. जालिंदरनं गाडी थांबवली, सगळ्यांवर ताडपत्री टाकली आणि दोरी आवळली. गुदमरलं कुणी नाही, देवाची कृपा. पण कुंकू कपाळाचं नाकावर आलं.

"मेल्या, आम्ही काय कांद्याची पोती आहोत?" एक म्हातारी म्हणाली.

"नाही आजी. पोती फडफडत नाहीत."

चाचांनी डोक्याला हात लावला. "माणसांना बांधतात का? माणसं असली की मोकळं ठेवायचं. ट्रॉलीच्या पुढच्या-मागच्या फळ्या, फाळके, काढ. वारा पुढून शिरेल, मागून निघून जाईल."

"बरं चाचा. तसंच करतो."

पुढच्या खेपेला जत्रेचे चुरमुरे होते. जालिंदरनं फाळके काढले. पोत्यांची तोंडंही सोडली, वाऱ्याला कुठं अडचण नको म्हणून. वारा पुढून शिरला, मागून निघून गेला. चुरमुरेही गेले. जत्रेत जालिंदर बारा रिकामी पोती घेऊन पोचला, आणि माळावरच्या शेळ्या त्या दिवशी घरी येईनात.

"हलका माल उघडा टाकतात का?" चाचा म्हणाले. "हे बघ, पुढे एखादी मोठी गाडी असली की तिच्या मागे मागे राहा, बेतानं अंतर ठेवून. वारा ती अंगावर घेते."

"बरं चाचा. तसंच करतो."

मग मांडवाचे बांबू आणायचे होते. बांबू भरून निघाला, तर पुढे उसाचा भला मोठा ट्रक लागला. वारा अजिबात लागेना. जालिंदर खूश झाला. ट्रक वळला, तोही वळला. ट्रक साखर कारखान्याच्या रांगेत उभा राहिला, तोही राहिला. दीड दिवसानं नंबर लागला.

वजनकाट्यावरचा माणूस म्हणाला, "ऊस कुठाय?"

"ऊस नाही. मांडव आहे."

लग्नाच्या आदल्या दिवशी चाचांनी हात जोडले. "जालिंदर, मागचं सगळं विसर. एकच ध्यानात धर. गाडीला जे मागे ओढतं, ते काढून टाक. टपावरचं कॅरिअर काढ. झेंडे काढ. आरशाचे गोंडे काढ."

"बरं चाचा. तसंच करतो."

जालिंदरनं सगळं काढलं. सकाळी पलीकडच्या गावाहून नवरदेवाला ट्रॉलीत बसवलं. त्याच्या फेट्याला वीतभर तुरा होता. वऱ्हाड एसटीनं पुढे गेलं. माळावर जीप पुन्हा धापा टाकायला लागली. वेस कोसभर राहिली होती आणि साडेअकरा वाजले होते. जालिंदर खाली उतरला. अजून काय मागे ओढतंय, ते बघायला तो मागे वळला.

आणि ते त्याला दिसलं.

"काय झालं, पाहुणं?" नवरदेवानं खुर्चीवरून विचारलं.

"काही नाही. तुम्ही निवांत बसा. गाडी हलकी करतो."

त्यानं ट्रॉलीच्या चाकाला दगड लावला, तेवढी समज त्याला होती. मग जोडाची पिन काढली. जीप अशी पळाली, की जालिंदरला आनंदानं रडू आलं.

मांडवासमोर वाजंत्री सुरू झाली. आई ओवाळायला ताट घेऊन पुढे आली.

"आई, अर्धा तास आधी पोचलो."

"नवरदेव कुठाय?"

"माळावर. तोच तर मागे ओढत होता."

आईच्या हातातलं ताट चाचांनी धरलं. मंजुळा आतून म्हणाली, "दादा, जा, घेऊन ये त्यांना."

"आणतो की. पण त्यांना जोडलं तर मुहूर्त चुकेल बघ."

एवढ्यात वेशीकडून ओरडा ऐकू आला. नवरदेव पळत येत होता. फौजेतला गडी, कोसभर म्हणजे त्याला रोजचंच. धोतर वर खोचलेलं, फेटा काखेत. बारा दहाला अक्षता पडल्या, नवरदेवाला दम लागलेला असतानाच.

जालिंदर चाचांच्या कानाला लागला.

"चाचा, त्यांनी फेटा काढला बघा. त्यांनाही तुम्हीच सांगितलं होय?"