वळणावरचा ठोका

पूर्वी अपरान्तातल्या, म्हणजे कोकणपट्टीतल्या, एका बंदरावर सुषेण नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका मीठव्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव नंदिक. पावसाळा सरला की नंदिक बैलांवर मिठाची पोती लादून घाट चढे आणि घाटमाथ्यापलीकडच्या नगरात आश्विनात भरणाऱ्या जत्रेत मीठ विकी. वर्षभराचा संसार त्या एका जत्रेवर चाले.

घाट अवघड होता. मध्यावर एक वळण होते. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला तळ न दिसणारी दरी. त्या दिवसांत तिथे असे धुके दाटे की बैलाच्या पाठीवर हात ठेवून चालणाऱ्याला बैल दिसू नये. तरी तांडेवाले निर्धास्त असत. धुके पडले की वळणावरून ठक् ठक् असा आवाज येई. आवाज डाव्या हाताला ठेवायचा, उजव्या हाताने कातळ चाचपत जायचे, की वळण पार.

हा आवाज यक्ष करतो असे सगळे मानीत. पायथ्याशी त्याचे ठाणे होते आणि चढण्याआधी प्रत्येक तांडा तिथे गूळपोह्यांचा नैवेद्य ठेवी. नैवेद्य माकडे खात, त्यामुळे त्या रानातली माकडे चांगली गुबगुबीत होती. हवा स्वच्छ असली की वळणावर दरीच्या कडेच्या अंजनाच्या झाडाला टांगलेला एक पोकळ ओंडका दिसे, आणि त्याच्याजवळ कारवीची एक झोपडी. ओंडका यक्षाचा आणि झोपडी कुणा लाकूडतोड्याची असे धरून लोक पुढे जात. नंदिकही लहानपणी वडिलांचे बोट धरून असाच पुढे गेला होता.

एका वर्षी नंदिकाचा तांडा पायथ्याशी आला तेव्हा घाट धुक्यात बुडालेला होता आणि वरून काहीच ऐकू येत नव्हते. तिथे काळसेन नावाच्या व्यापाऱ्याचा तांडाही थांबला होता. त्याच्याकडे धूप आणि वस्त्रे होती. यक्ष रागावला आहे, आपण त्याला खूश करू, असे म्हणून काळसेनाने नैवेद्याची भली मोठी रास मांडली. नंदिकाने त्याला विनवले, की आवाज येईपर्यंत तरी थांब. काळसेन हसून म्हणाला, की थांबायचे तर तू थांब, मीठ तुझे विरघळेल, माझी वस्त्रे नव्हेत. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ओल्या हवेने पोती आत्ताच पाझरू लागली होती.

नंदिकाला राहवेना. काळसेनाचे बैल चढू लागण्याआधी वर जाऊन काय झाले ते पाहावे, असे त्याने ठरवले. तांडा म्हाताऱ्या गोमिलाच्या हवाली करून तो एकटा, कातळ धरून, पाऊल चाचपत निघाला.

वळणावर पोचला तेव्हा त्याच्या पायाला काहीतरी मऊ लागले. खाली वाकून पाहतो तो एक म्हातारी. अंगात ताप, उठायचे त्राण नाही, आणि ती कोपरांवर सरपटत अंजनाकडे निघालेली. ती कुठून आली, कोण आहे, हे विचारायला त्याने तोंड उघडले, पण तिने त्याला बोलू दिले नाही.

“आलास? मुसळ घे आणि ठोक आधी. खालून बैल येतायत.”

नंदिकाने कान दिला. खरेच, खालून घुंगरांचा आवाज वर येत होता. ओंडक्याजवळ एक मुसळ पडले होते. त्याची मूठ तळव्यांनी झिजून बारीक झाली होती. ती मूठ हातात आली आणि नंदिकाला सगळे उमगले. इतकी वर्षे आपण गूळ कुणाला ठेवला आणि वाट कुणी दाखवली, हे कळून त्याचे डोळे भरून आले. पण रडायलाही वेळ नव्हता. तो ठोकू लागला.

घुंगरे जवळ आली. धुक्यात हाताच्या अंतरावरून एकेक बैल कातळाच्या कडेने जाऊ लागला. काळसेन आपल्या माणसाला म्हणत होता, “पाहिलंस? नैवेद्य पोचला त्याला.” नंदिकाला वाटले, ओरडून सांगावे. पण ठोका थांबवला तर मागचे बैल दरीत जातील, म्हणून तो ठोकतच राहिला.

तांडा पार झाल्यावर त्याने म्हातारीला उचलून झोपडीत नेले आणि पाणी पाजले. तिने तुटक तुटक सांगितले. तिचा नवरा लाकूडतोड्या होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत, अशाच धुक्यात, याच कड्यावरून तो गेला. ती वेडीपिशी होऊन इथे बसली असता एक तपस्वी वाटेने आले. तिने त्यांना ओंजळभर पेज दिली आणि रडत म्हणाली, की आता माझ्याजवळ कुणाला द्यायला काही उरले नाही. तपस्वी म्हणाले, की देण्यासारखे हातात काही नसले तरी हात तर आहेत. तेवढ्या एका शब्दावर विश्वास ठेवून ती म्हातारी होईपर्यंत ठोकत आली होती.

“मी खाली जाऊन सगळ्यांना सांगतो,” नंदिक म्हणाला. “इथे यक्ष नाही, तू आहेस.”

“नको रे बाळा. यक्षाचा आवाज म्हणून लोक वळतात. म्हातारीच्या आवाजानं कोण वळेल?”

तेवढ्यात पुन्हा घुंगरे ऐकू आली. नंदिक उठून ओंडक्याकडे गेला. या खेपेस गोमिल तांडा घेऊन वर येत होता. धन्याला पाहून तो चकित झाला आणि म्हणाला, “धनी, चला. मीठ पाझरतंय. आत्ता निघालो तर जत्रा गाठू.”

नंदिकाने पोत्यांकडे पाहिले. खारे पाणी बैलांच्या पोटांवरून ओघळत होते. वर्षाचा संसार ओघळत होता. मग त्याने झोपडीकडे पाहिले. “तुम्ही जा,” तो म्हणाला. “उरेल ते विका. धुकं आहे तोवर मी इथून हलत नाही.”

गोमिल गेला. जत्रेला उशीर झाला आणि मीठ निम्मेही उरले नाही. नंदिक मात्र वळणावर राहिला. आवाज आला की जाणारे जात, पोरेबाळे घेऊन बायका जात, आणि कुणी त्याच्याकडे पाहिले नाही. धुके विरळ होऊ लागले त्या सकाळी म्हातारीचा श्वास मंदावला. नंदिकाने विचारले, “आई, तुझं नाव काय?”

तिला आठवायला एक क्षण लागला. कितीतरी काळात तिला कुणी हाक मारली नव्हती. “नागी,” ती म्हणाली, आणि लाजून हसली. ऊन वळणावर आले तेव्हा ती गेली होती.

नंदिकाने तिला अग्नी दिला. बंदरावर परतल्यावर लोकांनी त्याची चेष्टा केली. काळसेनाने यक्षाच्या ठाण्यावर चांदीचे छत्र चढवले आणि त्याची वाहवा झाली. नंदिकाने नागीचे गुपित राखले. फक्त दर वर्षी धुके पडायच्या आधी तो स्वतः वर जाई किंवा तांड्यातल्या एकाला पाठवी. त्याच्यामागे गोमिलाच्या नातवंडांनी ते काम धरले. ओंडका कुजला, दुसरा आला. मुसळाची मूठ नव्या तळव्यांनी झिजली. काळसेनाचे पणतू त्याच वळणावरून सुखरूप गेले आणि खाली माकडांना गूळ ठेवत राहिले. नागीचे नाव कुणाला ठाऊक नव्हते, पण तिची माया त्या वाटेवर जागी होती.

भिक्षूंचे गुरू जे शास्ते, त्यांनी ही कथा सांगितली ती अशा प्रसंगी. विहारात झाडलोट करणारी आणि दाराशी पाय धुण्याचे पाणी भरून ठेवणारी भद्री नावाची वृद्धा पहाटे वारली होती. घडे रिकामे दिसले तेव्हाच भिक्षूंना ते कळले. तिच्या अंत्ययात्रेसाठी सगळे थांबलेले पाहून सुगात्र नावाच्या भिक्षूने विचारले होते, “अशी कोण होती ती?”

कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा गोमिल तुमच्यातच बसला आहे, आज भद्रीला खांदा देणारा तो हाच. नंदिक मीच होतो. काळसेन तो सुगात्र. आणि जिने मला मुसळ धरायला शिकवले ती नागी म्हणजेच ही भद्री. कुणी पाहत नसताना जे दिले जाते, ते दान श्रेष्ठ. दानपारमी, दानाची परिपूर्णता, मी तिच्याकडून शिकलो.”

 सुगात्र उठला, दाराशी गेला, आणि रिकामा घडा उचलून नदीकडे चालू लागला.